पाहुण्याचे रान : निसर्गलेखनातील एका भूमिकेचा इतिहास

१

मराठी समीक्षेत निसर्गाची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी होत आली आहे. कवीची वृत्ती आणि निसर्ग यांच्यातील तादात्म्य हे एक अंग. निसर्गातून आलेली प्रतिमासृष्टी हे दुसरे. या दोन्ही चर्चांमध्ये निसर्गाकडे पाहणारा एक माणूस गृहीत धरलेला असतो. तो रानात कोठून येतो, किती वेळ थांबतो, परत कोठे जातो आणि त्याला आत येऊ कोण देतो, हे प्रश्न मात्र साहित्यबाह्य समजून सोडून दिले जातात. त्याच्या पाहण्याची प्रत आपण तपासतो, त्याच्या प्रवेशाचा इतिहास तपासत नाही.

या माणसाला प्रस्तुत लेखात 'पाहुणा' म्हटले आहे. रानात येणारा, रमणारा आणि संध्याकाळी परतणारा तो पाहुणा. रानावर त्याचे पोट अवलंबून नसते, म्हणून रान त्याला दृश्य म्हणून उपलब्ध होते. ही भूमिका नैसर्गिक नाही, तिला इतिहास आहे, आणि तो कायद्याच्या इतिहासाशी बांधलेला आहे, असे येथे मांडायचे आहे. इंग्लंडमधील ग्रामीण वनराईत ही भूमिका कशी घडली आणि वऱ्हाडात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, तिच्याशी समांतर पण उलट दिशेने जाणारा कोणता व्यवहार झाला, यांची तुलना केल्यास आपल्या समीक्षेच्या एका जुन्या गृहीतकाची तपासणी करता येईल.

यवतमाळची निवड केवळ सोयीची नाही. पैनगंगा आणि वर्धा या नद्यांमधील हा प्रदेश सागाच्या जंगलाचा आणि कापसाच्या वावरांचा आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध या आदिवासी समाजांचे आणि बंजारा तांड्यांचे येथे वास्तव्य आहे. जंगल आणि वावर यांच्यातील रेषा येथे आजही रोजच्या वादाचा विषय आहे, आणि ती रेषा कोणी, केव्हा आखली याची नोंद उपलब्ध आहे.

२

प्रारंभ शब्दांपासून करणे इष्ट ठरेल. मराठीत रानाला एक शब्द नाही. 'अरण्य' या शब्दात गावापासूनचे अंतर आणि भय आहे. 'वन' हा शब्द दुहेरी आहे : 'वनविहार' म्हणजे सुखाचा फेरफटका आणि 'वनवास' म्हणजे हालअपेष्टा. एकाच धातूच्या भांड्यात दोन वेगळे अनुभव शिजले आहेत. फरक एवढाच, की विहार करणाऱ्याला परतीची वाट मोकळी असते आणि वनवासीयाला ती बंद असते. 'रान' या शब्दाचा विस्तार सर्वांत मोठा. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी 'रानात जातो' म्हणतो तेव्हा तो बहुधा स्वतःच्या शेतात निघालेला असतो. गुरे चारण्याची जागा 'गायरान' असते. विदर्भातील कास्तकार शेताला 'वावर' म्हणतो आणि चराईच्या सरकारी पडीक जमिनीला 'ई-क्लास'. महसुली दप्तरातील एक वर्ग तेथे बोलीतील नाम झाला आहे.

'जंगल' या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. संस्कृतातील 'जाङ्गल' हा शब्द आयुर्वेदीय ग्रंथांत कोरड्या, मोकळ्या, विरळ झाडीच्या प्रदेशासाठी येतो. त्याच्या विरुद्ध 'आनूप' म्हणजे पाणथळ, दाट प्रदेश. फ्रेंच संशोधक फ्रान्सिस झिमरमान यांनी या शब्दाच्या अर्थांतराचा सविस्तर अभ्यास केला आहे. जो शब्द मोकळ्या, निरोगी, हरणे चरतात अशा भूमीचा वाचक होता, तोच पुढे दाट, रोगट, दुर्गम झाडीचा वाचक झाला आणि इंग्रजीत जाऊन तेथेही तोच अर्थ रूढ झाला.

इंग्रजी 'फॉरेस्ट' हा शब्दही मुळात झाडीचा वाचक नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो कायद्याचा शब्द होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला, सामान्य कायद्याबाहेर ठेवलेला प्रदेश म्हणजे 'फॉरेस्ट'. त्यात झाडी असो, माळ असो किंवा गावे असोत. १०७९ च्या सुमारास विल्यम पहिल्याने राखलेले 'न्यू फॉरेस्ट' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १२१७ च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' या सनदेने तेथील मुक्त प्रजेचे चराईचे, सरपणाचे आणि इतर काही वापराचे हक्क मान्य केले. म्हणजे या शब्दाच्या पोटात आरंभापासूनच दोन गोष्टी होत्या : राखणे आणि वापरणे. आपल्या खेड्यांत 'फॉरेस्टवाला' म्हणतात तेव्हा नेमका हाच जुना अर्थ जिवंत होतो. तेथे 'फॉरेस्ट' म्हणजे झाडे नव्हेत, झाडांवरचा अंमल.

शब्दार्थाचा हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' हा शब्द शब्दकोशातील अर्थानुसार समजावा, मालकी कोणाचीही असो, असे ठरवले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नागपूर विभागातील 'झुडपी जंगल' या नावाने महसुली दप्तरात नोंदलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी त्या निर्णयानुसार वनजमिनीच मानल्या. 'झुडपी' या एका बोली विशेषणावर घरे, शाळा, दवाखाने आणि स्मशाने यांचे कायदेशीर भवितव्य टांगलेले होते. शब्दाच्या अर्थावर एवढे काही अवलंबून असेल, तर शब्दांचे अभ्यासक म्हणून आपल्याला त्यापासून दूर राहता येणार नाही.

३

आता इंग्लंडकडे वळू. इंग्रजी कवितेतून आपल्याकडे आलेली वनराई ही बहुधा गावालगतची, कुंपण, ओढा, पायवाट आणि पलीकडे कुरण अशा मांडणीतली वनराई असते. मराठी वाचकाने ती आधी पुस्तकात पाहिली, आणि पुष्कळांनी केवळ पुस्तकातच पाहिली. पाठ्यपुस्तकातून आलेल्या या दृश्याला स्वतःचा एक श्रमाचा इतिहास होता, तो मात्र पाठ्यपुस्तकातून आला नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ आणि इतिहासकार ऑलिव्हर रॅकम यांनी हे दाखवून दिले आहे, की इंग्लंडमधील जुनी वनराई ही अस्पर्श निसर्गाचा अवशेष नव्हे. जी वनराई निदान १६०० सालापासून सलग टिकून आहे तिला तेथे 'प्राचीन' म्हणतात, आणि ती टिकली याचे एक मुख्य कारण ती वापरात होती हे आहे. हेझल, ॲश यांसारखी झाडे ठरावीक वर्षांनी बुंध्यापाशी तोडायची, बुडख्यातून फुटवे येऊ द्यायचे आणि पुन्हा तोडायची, या आवर्तनातून कुंपणाचे खुंट, छपराच्या काड्या, सरपण आणि कोळसा मिळत असे. तोडलेल्या पट्ट्यात ऊन जमिनीपर्यंत पोचे आणि पुढील वसंतात तेथे फुलांचा गालिचा पसरे. प्रवाशाला मोहवणारा हा गालिचा अनेकदा कुऱ्हाडीने घडवलेला असे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संसदेने केलेल्या कुंपणबंदीच्या कायद्यांनी सामायिक जमिनी खाजगी झाल्या. गरिबांचे चराईचे आणि सरपणाचे हक्क मोठ्या प्रमाणावर संपुष्टात आले. याच काळात निसर्गदृश्याचे शास्त्र आकाराला आले हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. विल्यम गिल्पिन हे न्यू फॉरेस्टमधील बोल्डर येथे धर्मोपदेशक होते. १७९१ मध्ये त्यांनी वनदृश्यांवर ग्रंथ लिहिला आणि झाडी कशी पाहावी याचे धडे दिले. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात हा मुद्दा व्यापक पातळीवर मांडला आहे : निसर्गदृश्य या कल्पनेतच पाहणारा आणि राबणारा यांची फारकत अनुस्यूत असते.

या फारकतीच्या दोन्ही बाजूंना कवी होते, हे विसरता कामा नये. जॉन क्लेअर (१७९३–१८६४) हा हेल्पस्टन गावचा शेतमजूर. त्याच्या परिसराच्या कुंपणबंदीचा कायदा १८०९ मध्ये झाला, आणि ज्या रानात तो गुरे राखत वाढला ते रान त्याच्यासाठी बंद झाले. त्याच्या कवितेतील पक्षी आणि घरटी यांचे तपशील पाहुण्याचे नाहीत. ते रानात वाकून काम करणाऱ्याचे आहेत. दुसऱ्या बाजूला वर्ड्‌स्वर्थ. त्याने सरोवर प्रदेशाची प्रवासमार्गदर्शिका लिहिली; तिचा पहिला मसुदा १८१० चा. पुढे १८४४ मध्ये त्या प्रदेशात रेल्वे येऊ घातली तेव्हा त्याने तिला जाहीर विरोध केला. पाहुण्यांना वाट दाखवणारा कवीच पाहुण्यांच्या लोंढ्याला घाबरला. यात केवळ विसंगती नाही. पाहुण्याची भूमिका मोजक्यांसाठी असते तोवरच ती एकांताचा अनुभव देऊ शकते, हे तिचे अंगभूत बंधन येथे प्रकट होते. टॉमस हार्डीच्या 'द वुडलँडर्स' (१८८७) या कादंबरीत लाकूडकाम आणि वृक्षलागवड करणारी माणसे केंद्रस्थानी आहेत. तेथील वनराई दृश्य नसून कामाची जागा आहे, आणि बाहेरून आलेला सुशिक्षित माणूस तेथे अनर्थाला कारण होतो.

इंग्लंडमधील या इतिहासाला विसाव्या शतकात एक लक्षणीय वळण मिळाले. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील कामगार तरुणांनी किंडर स्काउट या शिकारीसाठी राखलेल्या माळावर सामुदायिक घुसखोरी केली. काहींना तुरुंगवास झाला. १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणि २००० चा मुक्त संचाराचा कायदा यांच्या पूर्वेतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. परंतु त्या तरुणांनी मागितले काय? चालण्याचा हक्क. चराईचा किंवा सरपणाचा नव्हे. ते गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणारे होते. रान त्यांच्या पोटाचा विषय राहिला नव्हता. पाहुणा होण्याचा अधिकार सर्वांना मिळावा, ही त्यांची लोकशाही मागणी होती. वापरकर्ता त्या आधीच इतिहासजमा झाला होता.

४

किंडर स्काउटच्या दोन वर्षे आधी वऱ्हाडातही माणसे राखीव जंगलात शिरली होती. त्यांची मागणी वेगळी होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाच्या नाममात्र स्वामित्वाखाली राहून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजच्या यवतमाळचा बराचसा भाग इंग्रजी दप्तरात 'वून', म्हणजे वणी, या नावाने जिल्हा म्हणून नोंदला गेला. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि बाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका त्यात आला. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला मागणी आली, लागवड वाढली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापूस पडीक आणि चराईच्या जमिनी गिळत होता, आणि उरलेली झाडी सरकार राखत होते. दोहोंच्या मध्ये गुरे सापडली.

१८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले. वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या परक्या राज्याचा मुलूख असल्याने तेथे १८८६ चा स्वतंत्र वऱ्हाड वनकायदा लागू झाला. त्यानुसार जंगलांचे अ, ब, क असे वर्ग पडले : लाकूड आणि सरपण, चारा, चराई. या वर्गीकरणात एक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्या माणसासाठी रान एकाच वेळी लाकूड, गवत, मोहाची फुले, डिंक, औषध आणि देवाचे ठाणे होते, त्याच्यापुढे ते आता तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येकी एकेका उपयोगाचे म्हणून आले. एकसंध अनुभवाचे असे विभाजन हे समीक्षेला अपरिचित नाही. आपणही संहितेचे घटक वेगळे करतो. पण आपल्या विभाजनाने कोणाची गुरे उपाशी राहत नाहीत.

१९३० च्या सविनय कायदेभंगात मीठ हे प्रतीक होते. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात अकोल्याजवळ दहीहंडा येथे खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. परंतु या प्रदेशाचा खरा काच जंगलाच्या कायद्याचा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला आणि अटक करून घेतली. २१ जुलै रोजी यवतमाळजवळ डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही तुकडीसह सत्याग्रह केला. पुढे महाराष्ट्रात बिळाशी आणि चिरनेर येथे या सत्याग्रहाने उग्र रूप घेतले; चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला.

अणे यांचा जन्म वणीचा, १८८० चा. ते वकील होते, टिळकांचे अनुयायी होते आणि संस्कृतचे व्यासंगी होते. त्यांच्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या संस्कृत चरित्रकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वनवर्णनाची संस्कृत परंपरा ज्याला मुखोद्गत असावी असा पंडित रानात गेला तो विळा घेऊन. त्या दिवशीच्या रानात शिरण्याला साहित्यशास्त्रात नाव नाही. तो विहार नव्हता, मृगया नव्हती, वनवासही नव्हता. कापलेले गवत हे तेथे एकाच वेळी चाराही होते आणि चिन्हही. त्याचे मूल्य क्षुल्लक होते म्हणूनच ते चिन्ह होऊ शकले, आणि गुरांना त्याची खरोखर गरज होती म्हणूनच त्या चिन्हात बळ होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सत्याग्रहाचे नेतृत्व शहरी, सुशिक्षित वर्गाचे होते. ज्यांचा रानाशी संबंध सर्वांत निकटचा त्या कोलामांचा आवाज त्या नोंदींत फारसा उमटत नाही. पैनगंगेपलीकडे निजामाच्या आदिलाबादेत गोंड नेता कोमराम भीम याने जल, जंगल, जमीन यांसाठी दिलेला लढा १९४० मध्ये त्याच्या मृत्यूने संपला. नदीच्या दोन काठांवर एकच प्रश्न दोन वेगळ्या भाषांत बोलला जात होता : एका काठावर राष्ट्राच्या भाषेत, दुसऱ्यावर जमातीच्या. तरीही तुलना टिकते. किंडर स्काउटला माणसे रानातून चालू देण्यासाठी भांडली. पुसदला रान वापरू देण्यासाठी.

५

या पार्श्वभूमीवर मराठी निसर्गलेखनाकडे पाहावे लागेल. आधुनिक मराठी कवितेवर पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी' या १८६१ च्या संकलनाचा प्रभाव आपल्या समीक्षेने पुरेसा नोंदवला आहे. त्या संकलनातून येथे वृत्ते आली, सुनीत आले, आत्मनिष्ठा आली, असे आपण म्हणतो. पाहुण्याची भूमिकाही तेथूनच आली, हे आपण म्हणत नाही. आणि ती आली तेव्हा तिच्यासोबत क्लेअरचा इतिहास आला नाही. कुंपण आले नाही, कुंपणातली कविता आली.

यावर देशीवादी समीक्षेचे उत्तर ठरलेले आहे : ही भूमिका परकी, म्हणून उसनी. हे उत्तर अपुरे आहे. पाहुणा आपल्याकडेही जुना आहे. कण्वाच्या आश्रमात शिरणारा दुष्यंत हा शिकारीच्या वाटेने आलेला पाहुणाच आहे, आणि त्याच्या येण्याची किंमत आश्रमातील मुलीने मोजली. खांडववन जाळून वस्ती करणाऱ्यांची कथा महाभारतात आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) त्या दहनाकडे वीरगाथेच्या चौकटीबाहेर येऊन पाहिले. तेव्हा दोष उगमाचा नाही. प्रश्न असा आहे, की मराठीत रानात जाण्याच्या ज्या इतर रीती होत्या त्यांचे समीक्षेने काय केले?

अशी एक रीत वऱ्हाडाच्या अगदी जवळची आहे. महानुभाव पंथाच्या आचारात 'अटन' आणि 'विजन' यांना स्थान आहे. अटन म्हणजे एका ठिकाणी न रुळता फिरत राहणे. विजन म्हणजे स्मरणासाठी निर्जन जागी जाणे. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या आश्रयाला आलेल्या सशाची लीळा आहे; पारध्यांना तो ससा मिळत नाही. तेथे रान हे सौंदर्याचे स्थान म्हणून येत नाही, तर नैतिक निर्णयाचे स्थान म्हणून येते. रानात गेलेल्या माणसावर तेथील प्राण्याचा काही हक्क उत्पन्न होतो. पाहुण्यावर असा हक्क उत्पन्न होत नाही. तो फक्त पाहतो.

बालकवींच्या (१८९०–१९१८) निसर्गकवितेचे मोठेपण वादातीत आहे, आणि 'औदुंबर'सारखी कविता पाहुण्याच्या आनंदाला स्वतःच छेद देते. पण त्यांच्या कवितेवरून आपण निसर्गकवितेची व्याख्या घडवली आणि त्या व्याख्येत न बसणारे सारे 'ग्रामीण', 'प्रादेशिक', 'आदिवासी' अशा स्वतंत्र कप्प्यांत टाकले. हेही एक अ, ब, क वर्गीकरणच आहे. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) पाहण्याला काळाचे भान दिले आणि लोकपरंपरेचा आधार दिला. तरी तिची चर्चा बहुधा ललित निबंधाच्या शैलीपाशीच थांबली.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या दोन कृती शेजारी ठेवल्यास प्रश्न अधिक स्पष्ट होतो. 'बनगरवाडी' (१९५५) मधील मास्तर हा बाहेरून आलेला आणि अखेर परत जाणारा पाहुणा आहे. परंतु धनगरांच्या जगण्यात तो गुंततो, आणि दुष्काळाने गाव उठते तेव्हा त्याच्या नोकरीचे कारणच संपते. माळावर गवत नाही याचा अर्थ तेथे मेंढरे नाहीत, माणसे नाहीत, शाळा नाही असा होतो. 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्या केंद्रस्थानी आहेत आणि माणूस जवळजवळ बाजूला सारलेला आहे. कलाकृती म्हणून तिचे यश मोठे आहे. पण माणसाविना पूर्ण असलेले रान ही कल्पना राखीव जंगलाच्या कल्पनेशी किती जवळची आहे, हेही येथे विचारले पाहिजे.

तिसरी भूमिका मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची. ते पाहुणे नव्हते आणि वापरकर्तेही नव्हते. ते रानाचे राखणदार होते. वनखात्यातील दीर्घ सेवेत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे ते राहिले. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी त्यांनी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द मराठीला दिले. त्यांच्या लेखनात इंग्रजी वनशास्त्र, संस्कृत ग्रंथ आणि गोंड-कोरकूंचे रानज्ञान एकत्र येतात. परंतु शब्द घडवताना संस्कृत पुढे येते आणि ज्यांनी रान दाखवले त्यांची भाषा पाठीमागे राहते. हा दोष एका लेखकाचा नव्हे. कोलामी ही द्राविडी भाषा आहे; तिच्यावरचा महत्त्वाचा ग्रंथ एम. बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध केला, पण मराठी शब्दकोशांनी आणि मराठी विभागांनी तिच्याकडे फारसे वळून पाहिले नाही. कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात हे यवतमाळच्या प्रत्येक तलाठ्याला ठाऊक असते. किती साहित्य-अभ्यासकांना ठाऊक असते?

आदिवासी कवितेने ही व्यवस्था उलटी केली. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७), विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' (१९८७), भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' (१९९०) या संग्रहांत रान आहे, परंतु आपण त्यांना निसर्गकविता म्हणत नाही. आपण त्यांना विद्रोहाची कविता म्हणतो. त्यांत रान दृश्य नसून हक्काचा विषय आहे, एवढ्या कारणासाठी ती निसर्गाच्या चर्चेतून वगळली जाते. वगळण्याचा हा निकष वाङ्मयीन आहे असे आपण समजतो; त्याचे मूळ राखीव जंगलाच्या हद्दीत आहे असे मला वाटते.

६

हा सारा प्रश्न भूतकाळातील असता तर त्याला केवळ अभ्यासाचे महत्त्व उरले असते. तसे नाही. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याची घोषणा १९९७ ची. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. तेथे आता वाघ पाहायला पाहुणे येतात. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटी परिसरात एका वाघिणीला गोळी घालण्यात आली. त्या परिसरातील तेरा माणसांच्या मृत्यूला ती जबाबदार मानली गेली होती. मेलेले बहुतेक गुराखी आणि शेतकरी होते. वनखात्याच्या नोंदीत ती 'टी-१' होती. वन्यजीवप्रेमींनी तिला 'अवनी' म्हटले. क्रमांक प्रशासनाचा, नाव पाहुण्यांचे, संस्कृत आणि सुंदर. ज्यांच्या वावरात ती फिरत होती त्यांनी तिला काय म्हटले, ते देशभर चाललेल्या वादात फारसे ऐकू आले नाही. तिच्या मृत्यूची हळहळ खरी होती आणि त्या तेरा घरांचे दुःखही खरे होते. पण पहिलीसाठी भाषा तयार होती, दुसऱ्यासाठी नव्हती. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, याच जिल्ह्याच्या मुख्य गावी ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, ही नोंद येथे अप्रस्तुत ठरू नये.

त्याच २०१९ साली टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक तरुण नर वाघ गळ्यात रेडिओपट्टा घेऊन बाहेर पडला आणि कापसाची वावरे, रस्ते आणि गावांच्या कडा ओलांडत, काही महिन्यांत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला 'वॉकर' हे नाव पडले. इंग्रजी निसर्गकवितेतील नायकाचे नाव वऱ्हाडातील वाघाला मिळावे, यात जेवढी गंमत आहे तेवढाच अर्थही आहे. त्याच्या वाटेने एक गोष्ट सिद्ध केली : १८८६ ची रेषा माणसाने माणसासाठी आखली होती. वाघाच्या लेखी जंगल आणि वावर हा एकच सलग प्रदेश आहे. कोलामाच्या आणि गुराख्याच्या लेखीही तो तसाच होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वापरकर्त्याला पुन्हा कायद्याच्या भाषेत प्रवेश दिला. ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख त्या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. वैयक्तिक आणि सामूहिक दाव्यांच्या कागदांत आज गावकरी रानाचे वर्णन करीत आहेत : कोणती टेकडी, कोणता नाला, कोठे मोह, कोठे देव. दावा सिद्ध करण्यासाठी त्यांना रान शब्दांत मांडावे लागते, वृद्धांच्या आठवणी नोंदवाव्या लागतात, स्थलनामे सांगावी लागतात. अशा नोंदींना साहित्याचा दर्जा द्यावा असे येथे सुचवायचे नाही. परंतु एखाद्या भूप्रदेशाचे इतके निकटचे, इतके अटीतटीचे वर्णन आज मराठीत दुसरीकडे क्वचितच होत असेल, आणि निसर्गवर्णनाचा अभ्यास करणाऱ्याला त्याची दखल घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पाहुण्याच्या कवितेला तिचे मोल आहेच. पाहण्याचा आनंद हा वापराइतकाच माणसाचा आहे, आणि किंडर स्काउटच्या कामगारांनी तो सर्वांसाठी मागितला हे त्यांचे श्रेय आहे. मागणी एवढीच, की पाहुण्याच्या निसर्गाला 'निसर्ग' हे संपूर्ण नाव देऊन आपण थांबू नये. निसर्गकवितेच्या अभ्यासक्रमात 'औदुंबर'शेजारी 'उलगुलान' ठेवावे. 'बनगरवाडी'चा विचार गवताच्या अंगाने करावा. 'लीळाचरित्रा'तील विजन आणि वनखात्याचे राखीव क्षेत्र यांतील भेद विद्यार्थ्यांसमोर मांडावा. एखाद्या कृतीत रान आले, की पात्र किंवा निवेदक तेथे कोणत्या अधिकाराने आला आहे, हा प्रश्न प्रतिमांच्या आधी विचारावा. त्याच्या हातात विळा आहे, बंदूक आहे, वही आहे की काहीच नाही, यावर त्याला तेथे काय दिसेल हे पुष्कळ अंशी ठरते.